विद्यापीठाच्या छतावर खारी माती

मी राहात्यापर्यंत गेले आणि शिर्डीला न जाता परत आले, याचं आमच्या गल्लीतल्या बायकांना अजून नवल वाटतं. एक तर म्हणाली, "एवढं दारात जाऊन पाया न पडता आलीस?" मी माती आणायला गेले होते. टेम्पो भरून उभा होता आणि दुसऱ्या दिवशी छत करायचं होतं. तिला ते पटलं नाही. म्हणून सगळं लिहून काढते. मी चौथी शिकले आहे, सजवून लिहिणं मला येत नाही. जे पाहिलं ते लिहिते.

आमचं गाव पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. पुढं मुलाचं स्लॅबचं घर आणि मागं माझी माळवदाची खोली. माळवद म्हणजे लाकडावर पाला, पाल्यावर चिखल आणि चिखलावर खारी माती घातलेलं सपाट छत. मे महिन्यात स्लॅबखाली माणूस भाजून निघतो, म्हणून दुपारी सगळे माझ्या खोलीत लोळायला येतात. लोळून उठले की म्हणतात, ही खोली पाडून टाका.

माझ्या भावाची मुलगी रेवती इमारतींचे नकाशे काढते. ती नगरला सावेडीत राहते. सुप्याच्या अलीकडं शेतीचं एक नवं विद्यापीठ निघालंय. तिथं शिकवायला आणि संशोधनाला मोठी इमारत व्हायची आहे, तिचा नकाशा रेवतीकडं आहे. इमारत अशी हवी की उन्हाळ्यात यंत्रांशिवाय गार राहावी, पावसाचं पाणी साठवावं आणि पायासाठी खणलेली माती वाया न जाता भिंतीत लागावी. वर्गांवर आणि बियाण्याच्या कोठारावर रेवतीनं माळवद धरलं होतं. माझ्या खोलीत लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत झोपलेली पोर ती, तिला गारवा ठाऊक होता. प्रयोगशाळांवर मात्र सिमेंटच, कारण तिथं धुळीचा कणही चालत नाही.

एवढी मोठी इमारत एकदम कोणी बांधू देत नाही. आधी एक नमुन्याची खोली बांधायची, तिच्या छतावर पाणी सोडून पाहायचं. ती खोली गळली.

"आत्या, दोनदा गळलं गं," रेवती फोनवर म्हणाली. "शनिवारी कमिटी शेवटची चाचणी घेणार. परत गळलं तर मातीचं छत रद्द. छत गेलं की माझ्या भिंती, खिडक्या, सगळंच जातं. मग काचेची आणि एसीची बिल्डिंग करतील. दोन वर्षं मी याच्यावर बसलेय."

"माती कोणती घातली?"

"तू सांगितलेली. खारी. राहात्याहून आणली."

"मंग गळायची न्हाई."

"गळतंय आत्या! मी खाली उभी होते, माझ्या डोक्यावर पडलं पाणी."

फोनवर माती दिसत नाही. मी दुसऱ्या दिवशीची एसटी पकडली.

मंगळवार, सावेडी

भावाचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट होती पण मी जिन्यानं गेले, आणि दुसऱ्या मजल्यावर बसून राहिले. शेजारची एक बाई विचारायला लागली, "कोण हवंय?" मी म्हटलं, दम हवाय.

जेवायच्या टेबलावर ताटांच्या जागी ती इमारत ठेवलेली होती. पुठ्ठ्याची, पण जिना, खिडक्या, झाडं सगळं जागच्या जागी. मी आयुष्यात घरं बांधलेली पाहिली, स्वतः चिखल तुडवला, पण घर बांधायच्या आधी ते वरून आत पाहता येतं हे मला माहीत नव्हतं. रेवतीनं छत उचललं. आत वर्ग, मधोमध मोकळं अंगण, अंगणाभोवती ओसरी. वारा इकडून शिरतो आणि तिकडून निघतो. दक्षिणेला छत भिंतीच्या पुढं काढलंय, ऊन भिंतीला लागतच नाही. मला एवढी मजा आली की चहा दोनदा गरम करावा लागला.

भिंत किती जाड आहे ते पाहावं म्हणून मी बोटानं दाबली. बोट आत गेलं.

"आत्या!"

"पातळ हाय."

"पुठ्ठा आहे तो! कमिटीला दाखवायचंय शनिवारी."

माझ्या बोटाच्या भोकावर तिनं एक झाड चिकटवलं. नंतर मी म्हटलं, खिडक्या फार झाल्या, आमच्या माळवदाच्या घराला एक झरोका असतो, म्हणून ते गार राहतं. ती म्हणाली, "तुझ्या खोलीत तू एकटी असतेस. इथं एका वर्गात साठ पोरं श्वास घेणार. त्यांची हवा कुठून जाईल?" मी विचार केला. आमच्या खोलीत लग्नाला वीस बायका झोपल्या होत्या तेव्हा सगळ्यांची डोकी उठली होती. तिचं बरोबर होतं. तसं मी तिला सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावजयीनं ओट्स दिले. गाईच्या भुशासारखे लागतात. मीठ आणि ठेचा घालून संपवले. भाऊ म्हणाला, "अक्का, डॉक्टरांनी मला रोज सांगितलेत." मी म्हटलं, तुला सांगितलेत ना?

बुधवार, विद्यापीठ

सुप्याकडं जाताना दोन्ही अंगांना कारखाने लागतात. सगळ्यांवर पत्रे. त्या पत्र्याखाली मे महिन्यात माणसं कशी उभी राहतात ते त्यांनाच माहीत.

विद्यापीठाला अजून झाडं नाहीत. तात्पुरत्या खोल्या, रोपं लावलेली जाळीघरं आणि एका बाजूला रेवतीची नमुन्याची खोली. भिंती सुरेख होत्या. तिथल्याच मातीच्या दाबलेल्या विटा, खाली दगड. हात लावला तर गार. आत गेले तर जमिनीवर सुकलेल्या पाण्याचे डाग.

तिथं माती विभागाचे गावंडे सर भेटले. पन्नाशीचे, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. भला माणूस. मला पाहून म्हणाले, "आजी, तुम्ही खालूनच बघा. शिडी कच्ची आहे."

"शिडी कच्ची हाय का मी?"

मी चढले. खालून चौघांनी शिडी धरली, जसा काही मी गणपती आहे. वर पोचले आणि पाहते तर छतावर गवत उगवलेलं. बोटभर, कोवळं, हिरवंगार.

"छान वाटतंय ना?" गावंडे सर मागून आले. "पाणी सोडल्यावर आपोआप आलं. आमचे विद्यार्थी फोटो काढून गेले."

मी खाली बसले. चिमूटभर माती जिभेला लावली. आळणी. मूठ भरून दाबली आणि सोडली. रव्यासारखी मोकळी झाली.

"ही माती कुठली?"

"राहात्याची. चोपण जमिनीची." आम्ही जिला खारी म्हणतो तिला ते लोक चोपण म्हणतात.

"न्हाई. खाऱ्या मातीवर गवत येत न्हाई. माझ्या छतावर पन्नास वर्सांत काडी उगवली न्हाई. ह्यात मेथी टाका, आठ दिवसांत भाजी खाल."

रेवतीचं तोंड उतरलं. तिला वाटलं, टेम्पोवाल्यानं दुसरीच माती आणून टाकली. पण गावंडे सरांच्या विभागात टेम्पो आला त्या दिवशीची मूठभर माती पिशवीत बांधून ठेवलेली होती. त्यांच्याकडं प्रत्येक मातीची पिशवी राहते, वर चिठ्ठी लावून. मी दोन पेले मागवले. एकात छतावरची माती टाकली, एकात पिशवीतली. दोन्हीत पाणी घालून ढवळलं आणि म्हटलं, आता चहा पाजा.

चहा पिऊन आलो. छतावरच्या मातीचा पेला निवळला होता, माती तळाला, वर नितळ पाणी. पिशवीतल्या मातीचा पेला ढवळल्यावर होता तसाच गढूळ. आमची आई असंच पाहायची. जी माती पाण्यात बसत नाही ती छतावर बसते, कारण तिचे बारीक कण भोकाभोकात जाऊन चिकटतात आणि पाण्याला वाट उरत नाही.

गावंडे सरांनी दोन्ही पेले उजेडाला धरले. मग त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"जिप्सम," ते म्हणाले.

"म्हंजे?"

"औषध आहे, आजी. चोपण जमिनीत टाकतात, म्हणजे ती मोकळी होते, पाणी मुरतं, पीक येतं. माझ्या विभागाचं कामच ते. टेम्पो आला तेव्हा मी बाहेरगावी होतो. आमच्या लोकांनी चोपण माती पाहिली आणि नेहमीसारखं जिप्सम मिसळून टाकलं. ती छतासाठी आहे हे कोणी सांगितलंही नसेल त्यांना. आजारी माती आली की बरी करायची, एवढंच आम्हाला माहीत."

"बरी केली म्हणून गळली."

रेवती हसायला लागली आणि हसता हसता खाली बसली. "दोन महिने! दोन महिने मी छताचा उतार मोजतेय, बांबू मोजतेय, सर!"

"मला शिव्या द्या," गावंडे सर म्हणाले.

"शिव्या शनिवारनंतर घ्या," मी म्हटलं. "आधी माती आणा. अन् मी संगं येणार. तुमचा काय भरवसा, वाटंत अजून औषध पाजाल."

दुपारी तिथल्या मेसमध्ये जेवले. पनीर होतं. शेतीच्या विद्यापीठात बाजरीची भाकरी मिळत नाही, हे मी वाढणाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आजी, पोरं खात नाहीत." मी म्हटलं, पोरांना पिकवायला शिकवता, मग खायला कोण शिकवणार?

गुरुवार, राहाता

टेम्पोत पुढं ड्रायव्हर, मी आणि रेवती. गावंडे सर मागून मोटारीनं. नगर सोडून वर गेलं की मुलूख हळूहळू हिरवा व्हायला लागतो. कालवे, ऊस, पेरूच्या बागा. आमच्याकडची माणसं जो ऊस तोडायला इकडं येतात तो असा उभा पाहिला की हात आपोआप शिवशिवतात. मी रेवतीला दाखवलं, हा इतक्या दिवसांत तोडीला येईल. ती नुसती फोटो काढत होती.

भाऊसाहेबांच्या वस्तीवर पोचलो. साठीचा माणूस, गडी मोठा बोलका. त्यांची बायको मंदाताई. आल्या आल्या मंदाताईंनी पाय धुवायला भरलेली बादली पुढं ठेवली. आमच्याकडं पाहुण्याला गूळ आणि पाण्याचा तांब्या देतात आणि त्यातलं उरलेलं पाणी परत माठात जातं. मी अर्ध्या तांब्यात पाय धुतले. मंदाताई म्हणाल्या, "घ्या की वं आजी, पाण्याला काय तोटा हाय?" तिथून पुढं पन्नास पावलांवर ते रान होतं, तिथं समजलं तोटा कसला होता.

दोन एकर पांढरं पडलेलं. जणू पीठ सांडलंय. वर पापडी धरलेली, पाय ठेवला की कुरकुर वाजते. कडेला दोन-तीन खुरटी झुडपं, बाकी काही नाही. आमच्याकडं पाणी नाही म्हणून रान पडीक राहतं. इथं पाण्यानं रान मेलं होतं. असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी पापडी उचलून जिभेला लावली. खारट, तुरट, साबणासारखी. एकदम झकास माती! एवढी चांगली माती आमच्या गावाच्या पांढरीत, म्हणजे जुन्या गावठाणाच्या मातीतही मिळत नाही.

"ही! हीच माती," मी म्हटलं. आवाज जरा मोठा निघाला असावा, बांधावरची गाय उठून उभी राहिली.

भाऊसाहेब म्हणाले, "आजी, आजवर ह्या रानाकडं बघून कोनी हासलं न्हाई. तुमी पयल्याच."

"पानी लई पाजलं तुमी ह्याला."

"आमी कुठं लई..."

"सांगा, सांगा त्यांना!" मंदाताई मागून म्हणाल्या. "मी वीस वर्सं सांगतीया. ह्यांना वाटतं पाट आपल्याच दारातून गेलाय तर सोडायचा कशाला."

"तू गप गं. पावन्यांसमोर."

"पावनीच सांगतीया की!"

गावंडे सर पिशवीत माती भरायला लागले आणि सवयीनं भाऊसाहेबांना म्हणाले, "यात जिप्सम टाकून चर खणले तर तीन वर्षांत..." मी त्यांच्याकडं पाहिलं. ते म्हणाले, "रानासाठी सांगतोय, आजी. छतासाठी नाही." तेवढं मी चालवून घेतलं. रान बरं व्हायलाच पाहिजे. भाऊसाहेबांना एक कोपरा राखून ठेवायला सांगितलं, छतापुरता.

वरची पापडी आणि खालची हातभर माती तेवढी घेतली. पोती भरताना माझा पाय एका उंदराच्या बिळात गेला आणि मी बसलेच. मंदाताईंनी हळद गरम करून लावली. जेवायला आमरस, कुरडया आणि गव्हाच्या पोळ्या. सणाचं जेवण गुरुवारी साधंच म्हणून वाढलं त्यांनी. भाऊसाहेब म्हणाले, "शिर्डी इथंच हाय, सोडू का गाडीनं?" रेवतीनं माझ्याकडं पाहिलं. मी टेम्पोकडं पाहिलं. ऊन उतरायच्या आत माती पोचवायची होती. निघालो.

शुक्रवार, छतावर

सूर्य वर यायच्या आत जुनी माती खाली काढली. ती गावंडे सरांच्या रोपांना गेली, तिथं तिचं भलं होईल. खालचा चिखल आणि निंबाचा पाला ठीक होता, तो ठेवला. मग खारी माती चाळायची नाही, नुसते दगड वेचायचे. विद्यापीठाच्या मुली चाळण घेऊन आल्या होत्या, मी चाळण ठेवायला लावली. पापडी फोडून मातीत मिसळायची, कारण खारटपणा तिच्यात जास्त. कोरडी पसरायची, वरून हातानं पाणी शिंपडायचं आणि धुमसानं, म्हणजे दांड्याला जड ठोकळा असतो त्यानं, हलकं ठोकायचं.

मला वीतभर जाडी हवी होती. रेवती म्हणाली, बांबूला एवढं वजन झेपणार नाही, चार बोटंच.

"चार बोटांत काय व्हतंय?"

"आत्या, तुझ्या छताखाली सागाच्या तुळया आहेत. माझ्या छताखाली बांबू आहे. मोडलं तर खाली विद्यार्थी असतील."

आम्ही अर्धा तास भांडलो. शेवटी पाच बोटं घातली. एक बोट माझं.

एक मुलगी धुमस असा उचलायची, जसा काही छतावर चोर शिरलाय. मी तिला म्हटलं, "बाई, माती झोपवायची हाय, मारायची न्हाई." ती म्हणाली, "आजी, तुम्हीच दाखवा." मी दाखवलं. माझी सत्तरी उलटून गेली, पण त्या दिवशी मी दुपारपर्यंत उतरले नाही. असं काम हाताला पुष्कळ दिवसांनी लागलं होतं. पाणी मारायच्या जागी पाणी, ठोकायच्या जागी ठोका, आणि सगळ्या पोरी ऐकत होत्या. घरी माझं इतकं कोणी ऐकत नाही.

शनिवार, चाचणी

कमिटीत चौघं होते, पण बोलणारा एकच, तो इंजिनिअर साहेब. पांढरी टोपी घातलेला, हातात कागद. खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, म्हणजे थेंब पडला तर दिसावा. वर पाईपनं पाणी सोडलं. सकाळपासून दुपारपर्यंत सोडायचं ठरलं होतं. रेवती खोलीत उभी होती, मान वर करून. मी तिला म्हटलं, मान अवघडेल, बस. ती बसली नाही. मग मीही उभी राहिले.

पहिला तास कोरडा. दुसरा कोरडा. वर पाणी पन्हळीतून खाली पडत होतं ते गढूळ पांढरं. मी मनात म्हटलं, बसतेय माती.

तिसऱ्या तासाला कोपऱ्यात टप्प झालं. पेपरवर रुपयाएवढा डाग. रेवतीनं डोळे मिटले. इंजिनिअर साहेब कागदावर लिहायला लागला.

"थांबा," मी म्हटलं. "तिथं माती न्हाई. तिथं तुमचा पाईप हाय."

विजेच्या तारांसाठी साहेबाच्या माणसांनी छतातून एक लोखंडी पाईप आरपार काढला होता. साहेबानं वर चढून पाईपच्या बुडाला हात लावला. बराच वेळ खाली वाकून पाहत होता. आम्हीही मागोमाग चढलो.

"जोड उघडा आहे," तो म्हणाला. "हा आमच्याकडून राहिला." त्यानं लिहिलेली ओळ खोडली. माणूस सरळ होता. पण तिथंच उभा राहून त्यानं विचारलं, "बाकी छत कोरडं आहे, मान्य. पण माझा मुख्य प्रश्न वेगळाच आहे. स्लॅब टाकला की माणूस विसरतो. हे छत विसरता येणार नाही. दरवर्षी वर कोण चढणार?"

 मला वाटलं खोटं बोलून उपयोग नाही.

"दर साली चढावं लागतं," मी म्हटलं. "पावसाच्या आधी नवी माती टाकायची, भेगा बुजवायच्या. एक साल चुकलं तर गळंल. ही गोष्ट ठरवूनच बांधा, न्हाईतर बांधू नका."

रेवतीनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मीच तिचं छत पाडलं. चौघं कमिटीवाले एकमेकांकडं पाहायला लागले. मला वाटलं, संपलं.

गावंडे सर शिडीवरून अर्धे वर आले होते, छातीपर्यंतच दिसत होते. तिथूनच म्हणाले, "आमची पोरं चढतील. दर मे महिन्यात, प्रात्यक्षिक म्हणून, मार्कांचं. ती माती का बसते, का गळते, हे आम्ही वर्गात फळ्यावर शिकवतो. इतकी वर्षं शिकवूनही मला बुधवारी दोन पेल्यांनी समजलं. शेतीच्या इमारतीचं छत शेतीच्या पोरांनी राखायचं, यात अडचण काय आहे?"

साहेबानं वाकून पायाखालची माती बोटानं दाबून पाहिली. मग म्हणाला, "लेखी द्याल?"

"आत्ता देतो."

साहेबानं कठड्यावर कागद ठेवला आणि लिहिलं ते मोठ्यानं वाचलं. वर्ग आणि बियाण्याचं कोठार, मातीचं छत मंजूर. दरवर्षीची डागडुजी माती विभागाकडं. पाईपचा जोड नीट करावा. खाली सही केली. गावंडे सरांनी शिडीवरूनच हात लांब करून सही केली.

रेवतीला आधी समजलंच नाही. समजलं तशी ती ओरडली आणि दोन्ही पायांनी उड्या मारायला लागली, छतावरच, उंच टाचांचे बूट घालून. कमिटीवाले हसले. मलाही बरं वाटलं, नाही म्हणत नाही. पण माती अजून ओली होती.

"खाली जाऊन नाच," मी म्हटलं. "भोकं पाडतीयास."

ती थांबेना. मी गुडघे टेकून बसले आणि एकेक भोक तळव्यानं दाबून बुजवलं. सोळा होती.